आजचं काम आणि कायमचं काम

मिठबावातल्या आमच्या वाडीत मेस्त्रींच्या हातची एकही वस्तू नाही असं घर सापडायचं नाही. कुणाच्या देवघरात त्यांनी जुळवलेला पाट आहे, कुणाच्या विहिरीवर त्यांनी बसवलेली कप्पी. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडाने सांधला होता, तो अजून वारा धरून आहे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. गावातही ते फारसं कुणी घेत नसे. थोरली माणसं “रे मेस्त्र्या” अशी हाक मारत, आम्ही पोरं मेस्त्रीकाका म्हणायचो, आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, नुसतं “हे” म्हणायच्या. घराणं सुतारकीचं. पण रंध्या-पटाशीपाशी सुरू झालेला त्यांचा हात पुढे पंप, शिलाई मशीन, कुलपं, स्टोव्ह, होडीची उलांडी, रेडिओ, असा कुठेही शिरला. कुठे थांबायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ते गेल्यावर एक वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. गावातल्या माणसांनी म्हटलं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी म्हटलं, आणि एका निवृत्त शिक्षकांनी तर डोळे पुसत म्हटलं: “तो शिकलो असतो तर इंजिनियर झालो असतो.” बोलणाऱ्यांच्या मनात आदरच होता, यात शंका नाही. तरी मला ते वाक्य खटकतं. त्यात मेस्त्री मोठे ठरत नाहीत, आपली पदवी मोठी ठरते. आयुष्यभर जे काम त्यांनी केलं ते जणू दुसऱ्या कुठल्या तरी खऱ्या कामाची कच्ची प्रत होती, असा त्याचा अर्थ निघतो. मी इतकी वर्षं मुंबईत इंजिनियर म्हणवणाऱ्या माणसांबरोबर काम केलं. त्यांच्यातले काही फार हुशार होते. पण मेस्त्री जे करत ते त्यांच्यापैकी फारच थोड्यांना जमलं असतं, आणि त्याचं कारण हुशारी नव्हतं.

आधी जागेबद्दल सांगायला हवं, कारण त्या जागेशिवाय हा माणूस समजत नाही. मिठबाव देवगड तालुक्यात, कुणकेश्वराहून किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की कातवणच्या पुढे. समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या टोकावर गजबादेवीचं देऊळ, पलीकडे तांबळडेगची लांब पुळण, आणि मागे कातळावर हापूसच्या बागा. पर्यटकाला हे सगळं फार सुंदर दिसतं, आणि आहेही. मात्र लोखंडाचं इथे काही खरं नाही. दर्यावरून येणारं खारं वारं खिळा, बिजागरी, पत्रा, तार, काहीही सोडत नाही. वर पावसाचं भरपूर पाणी. गंजलेला खिळा फुगतो आणि फुगताना लाकूड चिरतो. म्हणजे दार खिळ्याने जोडलं तर पाच-सात वर्षांत तो खिळाच ते दार फोडतो. मेस्त्री समुद्राकडच्या खिडक्यांना शक्यतो खिळा मारत नसत. भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी ठोकत, आणि जिथे धातू टाळताच येत नाही तिथे पितळ वापरत. पितळ महाग, म्हणून जुन्या समया, फुटके नळ, मोडक्या कड्या ते जपून ठेवत. त्यांच्या मांगरात अशा वस्तूंचे डबे एकावर एक रचलेले होते. वहिनींनी एकदा त्यातलं काही भंगारवाल्याला द्यायचं काढलं तेव्हा ते म्हणाले, “फेकूक अक्कल लागना नाय, ठेवूक लागता.”

दुसरी गोष्ट अंतराची. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तिचं जवळचं स्टेशन कणकवली आजही आमच्यापासून चांगलंच आत आहे. त्याआधी एखाद्या पंपाचा किंवा इंजिनाचा सुटा भाग हवा असेल तर कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाला तरी सांगायचं, नाहीतर मुंबईला पत्र टाकायचं आणि यष्टीच्या ड्रायव्हरच्या हाती तो यायची वाट पाहायची. भाग येईपर्यंत कलमांनी पाण्यावाचून थांबायचं का? तेव्हा तो भाग इथेच, असेल त्या वस्तूतून घडवावा लागे. मेस्त्रींची कल्पकता या अडचणीतून आली, असं म्हणणं सोपं आहे. अर्धं खरंही आहे. पण अडचण सगळ्या गावाला होती, आणि मेस्त्री एकच होते.

पंप बंद पडला म्हणून सांगायला गेलं की ते पिशवी उचलत नसत. ओट्यावर बसायला सांगत आणि विचारत, “आधी कसो चलत होतो ता सांग.” बंद कधी पडला यापेक्षा चालू असताना तो कसा वागत होता, हे त्यांना हवं असे. पाणी एकदम थांबलं की धार हळूहळू बारीक होत गेली? सकाळी पहिल्यांदा लावताना आवाज कोरडा येई का? मधल्या काळात विहीर उपसली का? माझे वडील या चौकशीला कंटाळत. त्यांना वाटे, मेस्त्री वेळ काढतायत. खरं तर निम्मी दुरुस्ती ओट्यावरच झालेली असे. मग विहिरीवर गेल्यावर ते लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला लावत, मूठ कानाला टेकवत आणि डोळे मिटून घेत. बेअरिंग गेलं असेल तर असं कळतं, हे मला फार नंतर एका मोठ्या कारखान्यातल्या फिटरने सांगितलं. मेस्त्रींना ते कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

बहुतेक वेळा दोष मोटरमध्ये नसेच. तो विहिरीच्या तळाशी, फूट व्हॉल्व्हमध्ये असे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाणी ओढलं जात नाही. पंप नळीत पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्यासाठी नळी आधी पाण्याने भरलेली लागते, आणि ती भरलेली राहावी म्हणून तळाशी एक झडप असते. झडपेचं चामडं झिजलं की रात्रभरात नळी रिकामी होते, आणि सकाळी पंप नुसता हवा घुसळत बसतो. मेस्त्री वरून तांब्याने पाणी ओतत आणि ते किती वेळ टिकतं हे बघत उभे राहत. पातळी खाली जायला लागली की निदान झालं. मग चामडं कापायचं. ते रबर टाळत. चामडं भिजून फुगतं आणि बसतं, रबर कडक होऊन वाकडं होतं, असं त्यांचं मत. जुन्या कोल्हापुरी चपला ते त्यासाठी मागून नेत. आमच्या विहिरीत एके काळी आजोबांच्या चपलेचा तुकडा होता, आणि त्यावर आमची बाग शिंपली जात होती.

याच हवेच्या दाबामुळे पाणी फार खाली गेलं की वरचा पंप निरुपयोगी होतो. पुस्तकात ही मर्यादा समुद्रसपाटीला साधारण दहा मीटर दिलेली असते, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच गाडी अडते. मेस्त्री म्हणत, “चार पुरुस पाणी खाली गेला काय पंप खाली उतरवचो.” पुरुष म्हणजे चार हात. हिशेब करून पाहा, चार पुरुष सव्वासात मीटर होतात. त्यांनी पुस्तक पाहिलं नव्हतं. विहिरी मात्र पाहिल्या होत्या, आणि पाहिलेलं विसरत नसत.

ही झाली दुरुस्ती. पण नुसता दुरुस्त करणारा माणूस आणि मेस्त्री यांच्यात फरक होता, आणि तो चतुर्थीला दिसायचा. आमच्याकडे घरोघर गणपती. वर माटवी बांधलेली, तिला कांगला, हरणं, शेरवाडं, कवंडाळं, सुपारीचे शिपटे. मेस्त्रींच्या घरी दर वर्षी हलता देखावा असे. कुडाळजवळच्या नेरूरला शिमग्यात रोंबाटाची मोठमोठी हलती चित्रं निघतात. तरुणपणी ती पाहून आल्यापासून त्यांना ही खोड लागली असं वहिनी सांगत. सुरुवातीला त्यांनी मोडक्या टेबलफॅनच्या मोटरवर उंदीर हलवला. अडचण अशी की ऐन चतुर्थीत पाऊस, आणि पाऊस आला की वीज जाते. सगळी पोरं जमलेली, आणि उंदीर मोदकाच्या अलीकडे थांबलेला. एका वर्षी त्यांनी मोटर काढूनच टाकली. कौलांवरून पडणारं पाणी त्यांनी चिरलेल्या पोफळीच्या पन्हळीत धरलं, पन्हळ खिडकीपर्यंत आणली, आणि तिच्या तोंडाशी करवंट्यांचं चाक बसवलं. चाकाच्या दांड्यावर एक लंबगोल चकती. ती फिरली की तिच्यावर टेकलेली काठी वरखाली व्हायची आणि आतला उंदीर मोदकाकडे सरकायचा, मागे यायचा. जोराची सर आली की उंदीर घाईत, रिपरिप असली की निवांत. पाऊस थांबला की उंदीर थांबला. मग आम्ही पोरं खळ्यात जाऊन आभाळाकडे बघत ओरडायचो, “येवंदे रे पावस!”

मला त्यात आजही सर्वांत जास्त आवडतं ते हे की त्यांनी विजेवर तोडगा काढला नाही. बॅटरी लावता आली असती, गावात तेव्हा ट्रॅक्टर आणि टेम्पो होते. त्यांनी अडचणच कामाला लावली. ज्या पावसाने वीज जाते त्याच पावसाने उंदीर चालतो. ही उलट बाजूने पाहण्याची सवय कुठल्या अभ्यासक्रमात शिकवतात मला माहीत नाही. देवगडच्या पवनचक्क्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा ते मुद्दाम यष्टीने बघायला गेले. परत आल्यावर लोकांनी विचारलं, कशा आहेत? म्हणाले, “बरे असत. पण वारो नसताना काय करतत ता खयच लिवलेला नाय.”

अशा माणसाबद्दल बोलताना आजकाल एक शब्द हमखास येतो: जुगाड. त्यावर पुस्तकं निघाली आहेत, व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवला जातो, परदेशी प्राध्यापक त्याचं कौतुक करतात. मेस्त्रींना तो शब्द लावायला माझी तयारी नाही, आणि हाच या लेखाचा मुद्दा आहे.

ते कामाचे दोन भाग करत, आजचं काम आणि कायमचं काम. पाणी सुरू झालं पाहिजे, पाहुणे आलेत, दार आत्ता बंद व्हायला हवं, तर ते हाताशी असेल त्याने भागवून देत. तार पिळत, टायरची पट्टी आवळत, बांबूची चिपटी मारत. आणि निघताना त्या जागी जाळ्याच्या हिरव्या दोरीचा एक तुकडा गाठ मारून बांधत. “ह्या आजचा काम. कायमचा झाला काय दोरी मी सोडतलंय.” दोरीने काही धरून ठेवलेलं नसे. ती निव्वळ खूण होती. घरधन्याला सांगायची की ही वस्तू नीट झालेली नाही, नुसती चालू झालेली आहे, तिच्यावर विसंबू नका. आणि स्वतःलाही सांगायची की इथे एक देणं बाकी आहे.

कायमचं काम झालं की दोरी सुटे, आणि तिच्या जागी पेन्सिल येई. झाकणाच्या आतल्या बाजूला, फळीच्या मागे, स्विचच्या पेटीत ते तारीख लिहीत आणि काय बदललं ते दोन-तीन शब्दांत मांडत. ‘चामडं नवं.’ ‘डावा स्क्रू उलट्या आट्यांचा.’ ‘हिरवी तार जमिनीची नाही, बघून हात लावा.’ हे कुणासाठी? घरधनी ते झाकण कधी उघडणार नव्हता. ते पुढे कधीतरी ती वस्तू उघडणाऱ्या माणसासाठी होतं, आणि तो माणूस बहुधा मेस्त्री नसणार हे ते गृहीत धरत. डिंकाने चिकटवायची सोय असली तरी ते स्क्रू लावत, कारण स्क्रू परत निघतो. आपल्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही अशी वस्तू त्यांनी केल्याचं मला आठवत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणाच म्हणायचा.

जुगाड म्हणजे हिरवी दोरी न बांधता केलेलं आजचं काम. तात्पुरतं काम करून ते कायमचं आहे असं भासवणं, आणि वर त्याचं कौतुक करून घेणं. आपल्याकडचे कितीतरी रस्ते, पूल, शाळेची छपरं, विजेच्या जोडण्या या प्रकारातल्या आहेत. त्यांना दोरी बांधायची म्हटली तर देवगडपासून मुंबईपर्यंतच्या जाळ्यांना ती उरायची नाही.

अर्थात दोरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कितीतरी घरांत ती दोरी वर्षानुवर्षं तशीच राहिली. वस्तू चालतेय ना, मग कशाला पैसे घाला, असं लोकांचं म्हणणं. आणि मेस्त्रीही काही वेळा परत फिरकत नसत. वेळेच्या बाबतीत ते फार वाईट होते. “उद्या येतंय” या त्यांच्या शब्दाला आमच्या वाडीत काही किंमत नव्हती. एखादं नवं कोडं समोर आलं की जुनी चार कामं राहून जात. रेडिओ खोलून ठेवायचा आणि त्यातच कुणाच्या होडीकडे निघून जायचं. त्यांच्या मांगरात दुसऱ्यांच्या वस्तू महिनोन्महिने उघड्या पडलेल्या असत, आणि त्यावरून भांडणंही झाली. वहिनींचं दुःख निराळं होतं. “गावाची दारा जुळवतत, आमच्या न्हाणयेक मात्र पडदो,” असं त्या चारचौघांत बोलत. ते खरंच होतं. न्हाणीला दार शेवटी मुलाने मुंबईहून पैसे पाठवून दुसऱ्या सुताराकडून करून घेतलं, आणि मेस्त्रींनी त्या दाराला दोष काढला.

पैशाबाबत ते याहून बेजबाबदार होते, पण त्यात आमचाही वाटा आहे. मजुरी विचारली की “ऱ्हवांदे, मगे बघूया.” मग कधी तांदूळ, कधी आंब्याची पेटी, रापण लागली की वाट्याची मासळी. बलुत्याची जुनी रीत मोडली होती. सुतारकीचं वर्षाचं धान्य आता मिळत नव्हतं. नवी मजुरीची रीत मात्र मेस्त्रींपर्यंत नीट पोचली नव्हती, आणि गावाने दोन्हींतल्या आपल्या सोयीच्या बाजू धरल्या. वायरमनला आम्ही मुकाट्याने पैसे मोजले. मेस्त्री घरचे, म्हणून त्यांना चहा पाजला. घरचा म्हणणं ही आमच्याकडे पैसे न देण्याची सभ्य पद्धत आहे.

मेस्त्रींची थोरवी सांगताना लोक मोठ्या माणसांशी तुलना करतात, तीही एकदा तपासून पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करत. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे गेले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, नांगर खपायला वर्षं गेली. 1910 मध्ये औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तेव्हा बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि त्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ काढला, तो 1920 मध्ये लोकांपुढे आला. अगदी अलीकडे, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी गाडी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी ती पाहिली, ही गाडी नियमांत बसणारी नाही हेही मोकळेपणी सांगितलं, आणि जानेवारी 2022 मध्ये ती घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली.

या सगळ्यांच्या मागे कुणीतरी उभं राहिलं, हा एक भाग. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा. किर्लोस्करांना एक वस्तू हजार वेळा करायची होती. मेस्त्रींनी हजार वस्तू एकेकदाच केल्या, कारण प्रत्येक घराचा दोष वेगळा, विहीर वेगळी, घरधन्याची ऐपत वेगळी. त्यांच्या कामाचा कारखाना होऊ शकत नव्हता. पहिल्या प्रकारच्या कामाला उद्योग म्हणतात, त्याचे पुतळे होतात. दुसऱ्या प्रकारच्या कामावर गावं चालतात. मेस्त्रींना किर्लोस्करांच्या तराजूत घालून हलकं ठरवणं किंवा ओढूनताणून भारी ठरवणं, दोन्ही चुकीचं.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. देवगड बंदरात नौका बुडाल्या, तालुक्यात माड आणि कलमं आडवी झाली, विजेचे खांब मोडून पडले. मेस्त्रींचं तेव्हा वय झालेलं होतं, शिडीवर चढणं मुलाने बंद केलं होतं. वीज गेली म्हणजे पंप गेले, आणि मे महिन्यातल्या विहिरी, पाणी तळाला. बऱ्याच विहिरींवर आता रहाट किंवा कप्पी उरलेली नव्हती, उघड्या तोंडावर लोखंडी जाळ्या बसवलेल्या. पोहरा सोडायचा तर कशावरून? गावातून फोनवर जे कळत गेलं ते असं: मेस्त्रींनी मांगरातून जुनी लाट काढून दिली. लाट म्हणजे आडव्या लाकडाच्या एका टोकाला दगडाचं वजन आणि दुसऱ्याला पोहऱ्याची काठी. पूर्वी पोफळीच्या बागा तिच्यावर शिंपत. ती कुठे उभी करायची, दगड किती वजनाचा, काठी किती लांब, हे सगळं त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं आणि वाडीतल्या पोरांनी केलं. वीज यायला बरेच दिवस लागले, तोवर त्या लाटेवर वाडी पाणी प्यायली. एका पोराने मला फोटो पाठवला होता. लाटेच्या खांबाला हिरवी दोरी बांधलेली त्यात स्पष्ट दिसते.

ती लाट आता पुन्हा कुणाच्या तरी पडवीत आडवी पडली असेल. आणि तशी वेळ परत आली तर वजन किती लावायचं ते सांगणारं कुणी नाही. मेस्त्रींनी कुणाला शिकवलं नाही असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ते सतत शिकवत होते, झाकणांच्या आत लिहीत होते. शिकणाऱ्याला त्यातून पोट भरेल असं दिसत नव्हतं, एवढंच. ज्याने बापाला तांदळावर राबताना पाहिलं तो मुलगा मुंबईला जाणार नाही तर काय करणार?

शिवाय वस्तूच बदलल्या. बोअरवेलमधला पंप शंभर-दोनशे फूट खाली, बंद नळकांड्यात असतो. मोबाइल चिकटवलेला, दिव्यातला भाग ओतीव राळेत बुडवलेला. उघडायचं म्हणजे फोडायचं. जगात आता याबद्दल कुठेकुठे बोलणं सुरू झालंय. फ्रान्समध्ये 2021 पासून काही उपकरणांवर ती दुरुस्त करायला किती सोपी आहेत याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आली. सुतार, लोहार, होडी बांधणारे, कुलपं करणारे, मूर्तिकार, गवंडी, मासेमारीची जाळी विणणारे असे 18 व्यवसाय तिच्यात आहेत. हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. फक्त मेस्त्रींनी तिचा अर्ज भरायला घेतला असता तर त्या 18 मधले निदान सहा व्यवसाय त्यांचे होते, आणि अर्जात एकच लिहायचा असतो. पंपाचं चामडं बदलणारा आणि पावसावर उंदीर चालवणारा त्या यादीत कुठे बसतो ते मला सापडलं नाही.

तुमच्या गावात किंवा गल्लीत असा एखादा मेस्त्री अजून असेल. त्याला कामाला बोलावलंत तर चार गोष्टी करा. मजुरी काम सुरू व्हायच्या आधी ठरवा, “मगे बघूया” ऐकून घेऊ नका, आणि काम झालं की तिथल्या तिथे हातात द्या, चहा त्याहून वेगळा. त्याने तात्पुरतं काही केलं असेल तर ते तसं आहे हे विचारून घ्या आणि पुढच्या महिन्यात पक्कं करायला त्याला परत बोलवा, त्याचेही पैसे द्या. काय बदललं ते झाकणाच्या आत त्याच्याकडून लिहून घ्या. आणि तो काम करत असताना घरातलं एखादं पोर शेजारी बसवा, बॅटरी धरायला.